पहिली कात्री

गड्डम अक्कांनी परकर हातात घेतला आणि सगळ्यात आधी तो उलटा केला.

"सुलट तर कुणीबी शिवतंय," त्या म्हणाल्या. "उलटीकडनं बघायचं असतंय."

शोभना आणि मी त्यांच्यासमोर लाकडी बाकावर बसलो होतो. सोलापूरच्या पूर्व भागातली पत्र्याची लांबट शेड, दहा-बारा मशीनं, आणि मागच्या दारातून दिसणारा सिमेंटचा हौद. हौदात पांढऱ्या कापडाचे तागेच्या तागे बुडवून ठेवले होते. अक्का पन्नाशीच्या पुढच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि गळ्यात मंगळसूत्राबरोबर लोंबणारी मोजमापाची टेप. मराठी बोलायच्या, पण मध्येच मशीनवरच्या बायांना तेलुगूत काहीतरी सुनवायच्या आणि पुन्हा आमच्याकडे वळायच्या.

टेबलावर दोन परकर होते. एक मी शिवलेला, एक शोभनानं. दोन्हींना उजव्या कमरेशी, नेफ्याच्या खाली, आतल्या बाजूनं खिसा होता.

अक्कांनी माझ्या परकराच्या खिशात बोटं घालून पाहिली. "हं," म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. मग दुसरा उलटा केला. खिशाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उजेडाकडे धरला.

"हे कुणाचं?"

"माझं," शोभना हळूच म्हणाली.

"हात हाय बघ तुला, बये."

"कल्पना माझी आहे," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे की."

कल्पना माझी होती. हे मी इथंही आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते ह्या एका वाक्यापायी झालं.

मला कीर्तनाचं वेड. लग्न होऊन सोलापुरात आले त्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी विचारलं होतं, "तुला काय आवडतं गं?" तर मी "कीर्तन" म्हणाले होते आणि त्या खूश झाल्या होत्या. पेठेतल्या राम मंदिरात वर्षातून तीन-चार वेळा बाहेरगावचे बुवा यायचे. मी पहिल्या रांगेत. एकदा असं झालं, बुवांनी आख्यान अगदी टोकाला आणलं, सगळ्या देवळात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि मी पिशवीत चष्मा शोधत बसले. चष्मा सापडला तोवर बायका डोळे पुसत होत्या. म्हणजे शेवट झालासुद्धा. मग आरतीचं तबक आलं, तर सुटे पैसे कुठल्या कप्प्यात तेही आठवेना. घरी येताना मी शोभनाला म्हणाले, "पुरुषांचं बरं आहे. हात खिशात घातला की काम झालं. आपल्या परकराला एक खिसा असता तर?"

शोभना बिराजदार आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला वहिनी म्हणायची. घरी बसून ब्लाउज शिवायची. त्या संध्याकाळी ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जुन्या परकराला खिसा लावून घेऊन आली. "वहिनी, असा?"

असाच. नाव मी दिलं, कनवटी. आमच्या आज्या कमरेच्या कनवटीला सगळा संसार बांधून फिरायच्या, त्यावरून. दोघींनी ठरवलं, ह्या नावानं परकर काढायचे आणि विकायचे. फक्त शिवून देणारं कुणीतरी चांगलं हवं. पहिल्या खेपेचे दीडशे परकर दोघींच्या दोन मशीनवर कधी होणार?

शोधत शोधत आम्ही चार ठिकाणी गेलो. पहिला म्हणाला, दोन हजार नग घेणार असाल तर बसा. दुसरा त्याच्या कापणाऱ्या मास्तरकडे बघून हसला, "परकराला खिसा? त्यात ठेवणार काय, घराचा सातबारा?" तिसऱ्यानं नमुना शिवून दिला, पण खिशाचं तोंड मागच्या बाजूला. चौथा भला माणूस होता. चहा दिला आणि म्हणाला, "साहेबांना घेऊन या ना, मग बोलू." साहेब म्हणजे आमचे हे. ह्यांना परकराचा नाडा कुठल्या बाजूला असतो तेही माहीत नव्हतं.

पाचव्या ह्या अक्का. आणि पहिल्याच भेटीत मला कळलं होतं की हव्या त्या ह्याच. म्हणूनच तर ते "असू दे की" लागलं.

"माझी पद्धत सांगते," अक्का म्हणाल्या. "कापड आधी हौदात भिजवणार, वाळवणार, मगच कापणार. आकसायचं ते आधी आकसून घेऊ दे. मी एक शिवून देते, खिसा मात्र हात हाय त्या बयेनं लावायचा. महिनाभर नेसा, धुवा. परत आणा, मी बघणार, मग हो का न्हाई ते सांगणार. आणि नवी वस्तू असली की पहिली कात्री मी लावत न्हाई. कात्रीला हळदकुंकू वाहून जिची वस्तू तिनं लावायची. मग माझ्या बाया."

"नमुना कुणी नेसायचा?" शोभनानं विचारलं.

अक्कांनी आम्हा दोघींना दारापर्यंत चालायला लावलं. खरंच. शेडमधल्या सगळ्या बाया मशीन थांबवून बघत होत्या.

"ही नेसू दे," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "हिची चाल घाईची हाय. हिच्या अंगावर टिकला तर कुणाच्याबी टिकंल."

बाया हसल्या. शोभनाही हसली. तिचं हसू साधं होतं, हे मला आज कळतं.

महिनाभर मी तो परकर नेसले. काय सांगू, सुखच होतं. खिशात किल्ल्या, चष्मा, सुपारीची डबी, आरतीचे पैसे. माघातल्या कीर्तनाला मी दोन्ही हात मोकळे सोडून बसले आणि मनभर टाळ्या वाजवल्या. पण तिथंही एक काटा होताच. बुवांनी नामाचा गजर सुरू केला आणि बायकांकडे बघून म्हणाले, "त्या मागच्या ताईंनी ध्रुपद धरावं. आवाजात गोडवा आहे." मागच्या ताई म्हणजे शोभना. मी इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसते, पण माझा गळा असा की मी सूर लावला की शेजारची बाई हळूच सरकून बसते. शोभनानं ध्रुपद धरलं आणि सगळं देऊळ तिच्यामागून गाऊ लागलं. मी हात जोडले होते आणि मनात म्हणत होते, देवा, हिला हातही दिलास, गळाही दिलास. मला फक्त कल्पना दिलीस, आणि तीही कुणी विचारत नाही.

महिन्यानं परकर परत दिला. अक्कांनी तो उलटा केला, शिवणी ताणून पाहिल्या, मान डोलावली. "फोन करते. कुणाकडं हाय फोन?"

"वहिनींकडं," शोभना म्हणाली.

फोन मंगळवारी दुपारी आला. मी तांदूळ निवडत होते.

"कोण, शोभना?"

"नाही. मी कालिंदी. मोहोळकर."

"बरं. शोभनाला सांग, येत्या गुरुवारी कात्री लावायची. कापड भिजवून, वाळवून ठेवलंय. नारळ घेऊन या." आणि ठेवला.

मी रिसीव्हर हातात घेऊन उभी राहिले. शोभनाला सांग. फोन माझा, कल्पना माझी, नाव माझं, महिनाभर अंगावर वागवला मी, आणि निरोप शोभनाला. मी कोण मग, पोस्टमन?

देवाशपथ सांगते, शोभनाच्या दारापर्यंत खरा निरोप माझ्या तोंडात होता. ती मशीनवर होती. मला बघून तिचे पाय थांबले. डोळे असे चमकले.

"अक्कांचा फोन आला का हो? काय म्हणाल्या माझ्या खिशाला?"

माझ्या खिशाला, म्हणाली.

"नाही म्हणाल्या," मी म्हणाले.

एवढे दोन शब्द. आणि मग जीभ सैल सुटली. "त्यांच्याकडे शाळांच्या गणवेशाचं काम आलंय म्हणे. जमणार नाही म्हणाल्या."

शोभनानं मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "वहिनी, माझ्या शिवणीत काही खोट निघाली का?"

इथं मला थांबता आलं असतं. "नाही गं" म्हणायला किती लागतं?

"तसं स्पष्ट काही बोलल्या नाहीत," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली आणि अर्धवट राहिलेला ब्लाउज पुन्हा सुईखाली सरकवला. टीप घातली. मग ती टीप उसवली. मी बघत होते. चांगली सरळ टीप होती.

मग मी एकटीच एका मोठ्या कारखान्यात गेले. तिथं काचेची केबिन होती, पंखा होता, थंड सरबत होतं. मालक तरुण, गोड बोलणारा.

"आयडिया तुमची, मॅडम? कमाल आहे. असं कुणाला सुचलं नाही बघा इतक्या वर्षांत."

माझ्या कानांना किती दिवसांनी जेवायला मिळालं होतं! मी दीडशे परकर सांगून टाकले.

"कापड भिजवून घेता ना?" एवढं मात्र विचारलं.

"मॅडम, आता कोण भिजवतं? कापड तयारच येतं. तुम्ही काळजी सोडा."

आठ दिवसांनी त्यानं नमुना दाखवला. कडक इस्त्री, झगझगीत पिशवी, आणि नेफ्यावर लाल धाग्यात 'कनवटी'. उलटा करून बघावा असं मनात आलं. पण परक्या पुरुषासमोर परकर उलटा करायची लाज वाटली, हे एक. आणि ती सवय अक्कांची होती, हे दुसरं. मला त्यांचं काही नको होतं.

परकर घरी आले तेव्हा शोभना घड्या घालायला आली. पहिलाच हातात घेऊन तिनं उलटा केला. कपाळाला आठी पडली.

"वहिनी, हा खिसा वेगळ्या कापडाचा दिसतोय. हे टेरिकॉट आहे. अंगाचं कापड सुती आणि..." मग ती थांबली. "जाऊ दे. मी काय बोलणार, माझंच शिवण नापास झालंय."

मी पुढची घडी घातली.

पाडव्याला राम मंदिरात नवमीचा उत्सव बसला. रोज संध्याकाळी पाचला कीर्तन. पहिल्याच दिवशी मंडपाच्या कडेला आम्ही सतरंजी टाकली आणि बायकांची झुंबड उडाली. "अगं बाई, खिसा!" एक म्हणायची, दुसरी हात घालून बघायची, तिसरी नवऱ्याला हाक मारायची. चाळीस-पंचेचाळीस परकर गेले. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" असं प्रत्येकीनं विचारलं आणि प्रत्येकीला मी सांगितलं. शोभना मागं बसून पिशव्या भरत होती.

बायकांनी परकर नेसले, आणि अर्थातच धुतले.

सप्तमीचं कीर्तन. त्या वर्षी कोकणातले एक म्हातारे बुवा आले होते. बारीक अंगकाठी, पण आवाज असा की घुमटातले पारवे उडावेत. पूर्वरंगात ते सेवेबद्दल सांगत होते. "देवळाच्या पायऱ्या कुणी घडवल्या, कुणाला ठाऊक आहे? पण पाय तर सगळ्यांचे त्यांच्यावरच पडतात," असं म्हणून ते थांबले. चिपळ्या थांबल्या. पेटी थांबली. त्या शांततेत—

खळ्ळ!

किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई लगबगीनं वाकल्या. त्या वाकल्या तसा त्यांच्याच साडीतून चष्मा घरंगळला. बुवांनी पुन्हा तोंड उघडलं, तर तिकडून सुपारीची डबी टण्णकन पडून पार गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत लोळत गेली.

"आयांनो," बुवा म्हणाले, "आज देवाला सगळ्या घरांची कुलपं उघडायची दिसतात."

देऊळ हसलं. मी नाही हसले. माझ्या मागं कुजबुज सुरू झाली होती.

"माझा तर पोटरीवर चढलाय गं, दोन धुण्यांत."

"आणि खिसा बघ ना, आ वासून बसलाय. पोरानं तोंड वेंगाडावं तसा."

"कालिंदीबाई, तुमच्या कनवटीत काही राहीना हो!"

सुती कापड पाण्यात आकसलं होतं आणि टेरिकॉटचा खिसा आकसला नव्हता. त्यामुळं शिवण गोळा होऊन खिशाचं तोंड उघडं पडलं होतं. बसलं की जे असेल ते हळूहळू बाहेर यायचं आणि साडीच्या आतून पायाशी. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. रामापुढं इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. आणि तरी मनात काय होतं सांगू? शोभनाला हे आधीच कळलं होतं, ह्याचाच राग.

पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला. आमच्या देवळात रीत अशी की मधल्या वेळात बुक्क्याची वाटी सगळ्यांत फिरते आणि जो शेजारी असेल त्याला बुक्का लावून नमस्कार करायचा. लहान-मोठं बघायचं नाही, ओळख-पाळख बघायची नाही. सासू सुनेच्या पाया पडते त्या दोन मिनिटांत. येणारे बुवा म्हणायचे, ही दोन मिनिटं खरं कीर्तन आहे, बाकीचं मी बोलतो ते.

शोभना माझ्या शेजारी येऊन बसली होती. वाटी अजून तिसऱ्या रांगेत होती, तेवढ्यात बायकांतून वाट काढत गड्डम अक्का आल्या. हातात पिशवी, पिशवीत आमचा परकर. त्यांच्या मशीनवरच्या एका बाईनं तो पाडव्याला घेतला होता.

अक्का आमच्यासमोर बसल्या. पाया पडल्या-बिडल्या काही नाही. "काय गं," त्या म्हणाल्या, "त्या गुरुवारी का आल्या न्हाई तुम्ही?"

"कुठल्या गुरुवारी?" शोभना म्हणाली.

"फोन केला की मी. कात्री लावायची म्हणलं. नारळ आणा म्हणलं. कात्रीला हळदकुंकू लावून दिवसभर बसले, हिकडची बाई न्हाई, तिकडची बाई न्हाई. ते कापड अजून तसंच हाय. दुसऱ्याच्या वस्तूचं कापड, मी कशी कापू?"

शोभनानं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? वर बघावं तर राम, समोर बघावं तर ती.

मला वाटलं आता ती सगळ्यांसमोर बोलेल. बोलायलाच हवं होतं तिनं. पण ती अक्कांकडे वळली आणि इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं की मला जेमतेम ऐकू आलं,

"म्हणजे... माझी शिवण बरी होती?"

"बरी?" अक्का म्हणाल्या. "बये, बारा बायांना उलटा करून दाखवला तुझा खिसा मी."

शोभनाचे डोळे भरले. तेवढ्यात वाटी आली. तिनं बोट बुडवलं, माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. रीतच होती ती. तिनं रीत मोडली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझी पाळी होती. माझा हात वाटीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मागची बाई म्हणाली, "अहो, पुढं द्या ना वाटी." मी ती पुढं दिली.

उत्तररंग सुरू झाला. बुवांनी शोभनाला ध्रुपद धरायला सांगितलं. पहिल्यांदा तिच्या गळ्यातून सूर आलाच नाही. बुवा थांबले, पेटीवाल्यानं पट्टी पुन्हा दिली, आणि दुसऱ्यांदा आला. त्या दिवशीचं आख्यान कुठलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यात ते एकच कीर्तन मी बसूनही ऐकलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी अक्कांना गाठलं. "तुम्ही फक्त तिचं नाव घेतलंत," मी म्हणाले. मी बाई पन्नाशीला आलेली आणि बोलणं हे असं.

अक्का चपला शोधत होत्या. "तू तर फोनवर होतीस की. तुला निरोप द्यायला दुसरा फोन लावू?"

मग पिशवीतला परकर काढून तो तिथंच पायरीवर त्यांनी उलटा केला. "घेताना बघितलं न्हाईस?"

"नाही."

"मग आता बघ. सगळे गोळा करून आण. आधी उसवायचे. जिनं शिवून घेतले तिनं उसवायचे."

शोभना घरापर्यंत दोन पावलं पुढं चालत होती. तिच्या दाराशी मी म्हणाले, "शोभना, मी खोटं बोलले."

"ते कळलं," ती म्हणाली. "खोटं बोललात ते मी मघाशी देवळात सोडून दिलं, वहिनी. बुक्का लावला की सोडायचं असतं. पण दीड महिना मी मशीनवर बसताना घाबरत होते. प्रत्येक टीप दोनदा घालत होते. गिऱ्हाईकानं ब्लाउज हातात घेतला की मी आधीच शिवणीची माफी मागायचे. ते नाही सोडणार एवढ्यात."

आणि दार लावून घेतलं.

मी घरोघरी गेले. प्रत्येकीला सांगितलं, परकर परत द्या, नवा देऊ, चूक माझी आहे. एकीनं विचारलं, "म्हणजे कारखान्याची ना?" मी म्हणाले, "नाही. माझी." हे सांगताना जेवढं जड गेलं, तेवढं दीडशे परकरांचं गाठोडं रिक्षात चढवतानाही गेलं नाही.

अक्कांच्या शेडमध्ये मागच्या दाराशी, हौदाच्या बाजूला, मला एक चटई मिळाली. ब्लेड आणि दीडशे खिसे. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी अठरा झाले. बोटं सोलली. अक्का येता-जाता बघायच्या. "हे आखूड झालेले नीट होतील का हो?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आखूड बायांना होतील. सोलापुरात आखूड बाया काय कमी हायेत?"

तिसऱ्या दिवशी शोभना आली. चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली, स्वतःचं ब्लेड काढलं आणि उसवायला लागली. माझे दोन व्हायचे तोवर तिचे पाच. पाचव्या दिवशी तिचा पहिला शब्द आला, "धागा ओढू नका वहिनी, कापड फाटतं. कापा." मी कापायला लागले. त्याच दुपारी ती नकळत गुणगुणायला लागली, रामाचंच काहीतरी. मशीनवरच्या तेलुगू बाया मान डोलवू लागल्या. मी ओठ मिटून ऐकत राहिले.

गुरुवार आला. मी नारळ नेला होता. अक्कांनी ते जपून ठेवलेलं कापड टेबलावर पसरलं, भिजून वाळून मऊ झालेलं. वर मोठी कात्री. तिला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. नारळ फोडला. बाया भोवती गोळा झाल्या.

"बोला," अक्का म्हणाल्या. "वस्तू कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत शोभना म्हणाली, "वहिनींची. कल्पना त्यांची होती."

ह्या एका वाक्यासाठी मी किती जळले होते. ते असं सहज, कोरडं, समोर येऊन पडलं. तिनं कात्री उचलून माझ्यापुढं केली. तिच्या बोटांना कुंकू लागलं होतं. मी कात्री घेतली. हातात जड लागली. कापडावरच्या खडूच्या रेघेला टेकवली.

मग मला देवळातली ती वाटी आठवली, मी पुढं देऊन टाकलेली. मी कात्रीवरचं कुंकू बोटावर घेतलं, शोभनाच्या कपाळाला लावलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकून मागं सरली. "वहिनी, काय हे!"

"तू लाव," मी म्हणाले. "माझी चाल घाईची आहे."

शोभनानं अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "लाव की. ऊन उतरायच्या आत तरी लावा कुणीतरी."

तिनं कात्री चालवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाही न थांबता. रेघ सरळ, अगदी पाण्यासारखी.

आज इतकी वर्षं झाली. कनवटीचे परकर अजून अक्कांच्याच शेडमध्ये शिवले जातात, आता त्यांची सून बघते. पहिली कात्री दर नव्या मापाला शोभनाच लावते. मी नारळ नेते आणि शेजारी उभी राहते. आणि दर वेळी ती रेघ बघताना वाटतं, माझ्या हातून इतकं सरळ कापलं गेलं नसतं. तेव्हा पोटात थोडंसं दुखतंच. रामाला रोज सांगते, हे एवढं राहू दे, म्हणजे माझी उलटी बाजू विसरणार नाही.